लेबलांचा उद्योग : रबाळ्यातल्या एका छोट्या कारखान्याच्या नोंदी

आमचा कारखाना रबाळे एमआयडीसीत आहे. ३४ माणसं. छपाईचे रोलर पुसायचा सॉल्व्हंट क्लीनर, तेलकटपणा काढणारा कॉस्टिक सोड्याचा डिग्रीझर आणि अ‍ॅसिडचा डिस्केलर (क्षारांचा थर काढणारा) असा माल. मी क्यूसी, म्हणजे मालाच्या दर्जाची तपासणी, बघते. एक्सेल येतं म्हणून लेबलांचं कामही माझ्याकडेच आलं. आमच्याएवढ्याच कारखान्यात कुणी हे काम हाती घेतलं, तर निदान आमचे पैसे जिथे बुडाले तिथे त्याचे बुडू नयेत, म्हणून या नोंदी ठेवल्या.

२ जून २०२५, सोमवार

अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाची मेल आली. पुढचा कंटेनर निघण्याआधी रोलर क्लीनरची लेबलं आणि सेफ्टी डेटा शीट (मालाचे धोके आणि खबरदारी सांगणारा कागद) त्यांच्या नव्या नियमाप्रमाणे हवीत. हा नियम त्यांच्या ओशाचा, म्हणजे कामगारांची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी खात्याचा. २० मे २०२४ ला छापून आला, १९ जुलै २०२४ पासून लागू झाला. २०१२ चा नियम जीएचएसच्या (रसायनांचे धोके ठरवायच्या आणि लेबलावर दाखवायच्या जागतिक पद्धतीच्या) तिसऱ्या आवृत्तीवर बेतलेला होता, हा सातव्या आवृत्तीला धरून आहे. त्यात मिश्रणांना तेव्हा जुलै २०२७ पर्यंत मुदत होती. आमचा माल मिश्रणच, म्हणून मी तसं कळवलं. उत्तर एका ओळीचं: आम्हाला आत्ताच हवं.

साहेब म्हणाले, "लेबलंच ना? छापून आणायची, चिकटवायची. किती दिवस?" मी आठ म्हणाले.

५ जून

सगळं एकदा मोजून घ्यावं म्हणून स्टोअरच्या काकांना बरोबर घेऊन कारखाना फिरले. काकांना इथे २२ वर्षं झाली. कुठल्या पिंपात काय आहे ते ते झाकण किंचित सैल करून वासावर सांगतात. त्यांना याचा अभिमान आहे. मला त्याची भीती वाटते.

मोठ्या पिंपांवर पुरवठादाराचं काही ना काही असतंच. खरा घोळ ओतून घेतलेल्या मालाचा. कॅन, बरण्या, टमरेलं, पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या, जे हाताला लागेल त्यात माल. नाव नसलेली एकूण ६१ भांडी निघाली, त्यातल्या २३ पाण्याच्या बाटल्या. एक बाटली जेवणाच्या खोलीत, खिडकीत ठेवलेली. उघडली तर आयपीए, म्हणजे पुसायला वापरतात ते अल्कोहोल. मेंटेनन्सच्या मुलाने पंख्याची पाती पुसायला आणली होती आणि तिथेच विसरला होता. शेजारी तशाच बाटलीत कुणाचं तरी प्यायचं पाणी. दोन्ही अर्ध्या भरलेल्या.

अमेरिकेचा नियम राहू द्या. आपले घातक रसायनांचे १९८९ चे नियमही कंटेनरवर आत काय आहे, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि धोक्याची माहिती मागतात. तेव्हाच्या कारखाना कायद्यातलं ४१-ब कलमही कामगाराला धोका सांगायला लावत होतं. भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीत आलेलं कलम होतं ते. आमच्याकडे त्याची फाइल आहे. फाइल नीट आहे.

११ जून

डेटा शीट करायला एक सल्लागार गाठला. तीन मालांचे १८,००० रुपये. दोन दिवसांत १६ विभागांच्या तिन्ही शीट हातात. इतक्या लवकर आल्या तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पहिल्या वाचनात मला एकच चूक दिसली. लेबलावर आणि पहिल्या विभागात आमचा रबाळ्याचा पत्ता होता. नव्या नियमात उत्पादक, आयातदार किंवा जो जबाबदारी घेईल त्याचा अमेरिकेतला पत्ता आणि अमेरिकेतला फोन लागतो. आमचं तिथे कुणी नाही. म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतःचं नाव आयातदार म्हणून द्यायचं. त्यांच्या वकिलाला विचारून होकार यायला नऊ दिवस गेले. निर्यात करणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. ही परवानगी येईपर्यंत बाकी काहीच पक्कं होत नाही.

१९ जून

ही सगळ्यात महाग चूक, आणि ती माझी.

तुर्भ्याच्या छापखान्यातून ५,००० लेबलं छापून घेतली. हिशोब असा केला की एकच लेबल सगळ्या मालाला चालवायचं: धोक्याची चित्रं ज्यात बसतात अशा चार लाल चौकटी कोनावर उभ्या छापून घ्यायच्या आणि ज्या मालाला जी चित्रं लागतील ती आपण काळ्या रंगात आत भरायची. रोलर क्लीनरला ज्वाला आणि उद्गारचिन्ह अशी दोनच चित्रं लागतात, म्हणजे दोन चौकटी रिकाम्या राहिल्या. फोटो पाठवला. गिऱ्हाइकाचं उत्तर: रिकामी लाल चौकट चालत नाही. नियमात तसं चक्क लिहिलेलं आहे. आत चित्र नसेल तर ती चौकट लेबलावर असताच कामा नये. मी तो परिच्छेद वाचला होता, आणि हे आपल्यासाठी नाही असं समजून पुढे गेले होते.

रिकाम्या चौकटी मार्करने काळ्या करून पाहिल्या. लेबल दुखवट्याच्या पत्रासारखं दिसायला लागलं. वरून पांढरे स्टिकर लावून पाहिले, ते कोपऱ्यातून उचलले गेले. ३१,५०० रुपये पाण्यात. त्या लेबलांच्या मागच्या कागदावर आता वजनकाट्याच्या चिठ्ठ्या लिहितो.

यातून निघालेला उपाय: थर्मल ट्रान्स्फर प्रिंटर (उष्णतेने रिबनवरची शाई लेबलावर उतरवणारा) २२,००० ला घेतला. तो एका वेळी एकच रंग छापतो, त्यामुळे लाल चौकट आधीच छापलेली लागते. म्हणून दोन प्रकारचे रोल मागवले, एकावर नेमक्या दोन चौकटी आणि दुसऱ्यावर नेमक्या तीन. आमच्या कुठल्याच मालाला चार लागत नाहीत, हे मी आधी मोजलं असतं तर!

२७ जून

स्वस्त पडतो म्हणून कागदी लेबल आणि वॅक्स रिबन (मेणाच्या शाईची) घेतली होती. पिंपातून माल काढताना नरसाळ्यातून एक ओघळ लेबलावर आला. ऑपरेटर दादाने सवयीने वेस्टने (पुसायच्या सुताच्या बोळ्याने) पुसला. वेस्टबरोबर सगळी अक्षरं निघून आली. पांढऱ्या कागदावर दोन लाल चौकटी तेवढ्या उरल्या. म्हणजे पुन्हा रिकाम्याच!

मग आमच्याच क्लीनरमध्ये फडका भिजवून घासून पाहायला बसले. वॅक्स रिबन आणि कागद: पहिल्याच फटक्यात साफ. वॅक्स-रेझिन रिबन आणि पॉलिप्रॉपिलीन: दहाव्या घासणीला अक्षरं पुसट. पूर्ण रेझिन रिबन आणि पॉलिथिलीन फिल्म: ५० वेळा घासूनही वाचता येतं. रेझिन रिबन महाग असते, पण लेबल पुसलं गेलं की दुसरं लावायला माणूस लागतो, त्याची मजुरी कोण धरतं?

दोन गोष्टी आम्हाला कुणी सांगितल्या नव्हत्या. रेझिनला प्रिंटरची उष्णता वाढवावी लागते आणि वेग कमी करावा लागतो. जुन्याच सेटिंगवर छापल्याने अर्धी रिबन फिकट लेबलांवर गेली. आणि पिंप आधी कोरडं, तेलविरहित पुसून घेतलं नाही तर कितीही चांगला गोंद असो, लेबल आठवड्यात सुटतं.

४ जुलै

आज सल्लागाराची शीट आणि आमचे स्वतःचे जीसीचे (मिश्रणात कुठला घटक किती ते मोजणाऱ्या मशीनचे) रिपोर्ट शेजारी ठेवून वाचले. हे महिन्यापूर्वीच करायला हवं होतं.

रोलर क्लीनरला आम्ही "टोल्युइन नाही" म्हणतो, कारण आम्ही टोल्युइन घालत नाही. घालतो ते ४५ टक्के एथिल अ‍ॅसिटेट. ते रिकव्हर्ड ग्रेडचं, म्हणजे वापरलेलं पुन्हा शुद्ध केलेलं, येतं, स्वस्त पडतं म्हणून. जीसीत त्यात ०.९ टक्के टोल्युइन दिसतंय. म्हणजे तयार मालात साधारण ०.४ टक्के. सल्लागाराने हा आकडा पाहिला होता, पण मर्यादा ३ टक्क्यांची धरून सोडून दिला. ३ टक्के ही युरोपची मर्यादा. टोल्युइनसारख्या, प्रजननाला धोका असल्याची शंका असलेल्या, म्हणजे दुसऱ्या वर्गातल्या पदार्थाला अमेरिकेच्या नियमात ०.१ टक्क्यापासूनच मोजतात. म्हणजे आमच्या मालावर एच३६१ हे धोक्याचं विधान आणि छातीत तारा असलेल्या माणसाचं चित्र लागतं. दोन चौकटींच्या जागी तीन.

सल्लागाराला फोन केला. "मॅडम, सॉफ्टवेअरने तेच दिलं." सॉफ्टवेअरमध्ये देश निवडायचा असतो, तो बदललेला नव्हता. दुरुस्तीचे आणखी ६,००० घेतले, वर हे "रिव्हिजन" आहे म्हणून जीएसटीसुद्धा.

साहेबांशी तासभर बोलणं झालं. "०.४ टक्का कोण बघतंय?" आपणच बघितलंय, आपल्याच मशीनवर, रिपोर्टवर माझी सही आहे, असं मी म्हणाले. शेवटी ठरलं ते असं: निर्यातीच्या मालाला ताजं एथिल अ‍ॅसिटेट वापरायचं, त्यात टोल्युइन सापडत नाही. देशातल्या मालाला रिकव्हर्डच राहील, पण त्यावर तिसरं चित्र लावायचं. आपल्याकडे या चित्राची सक्ती नाही. साहेब "ठीक आहे" म्हणाले. मनापासून नाही.

९ जुलै

देशातल्या मालाचं नवं लेबल मराठी-हिंदीत करून पॅकिंगच्या टेबलावर ठेवलं. पॅकिंगला चार बायका आहेत. एकीचं फेब्रुवारीत लग्न झालंय. तिने लेबल हातात घेतलं आणि बोट ठेवून वाचलं: "प्रजननक्षमतेला किंवा पोटातल्या बाळाला इजा होण्याची शंका." मग विचारलं, "ताई, हा माल नवीन आलाय का?"

नाही, तोच आहे.

"म्हणजे आधीपण होतं?"

हो.

ती काही बोलली नाही. दुपारनंतर चौघींनीही तोंडाला ओढण्या बांधल्या होत्या. सॉल्व्हंटच्या वाफेला ओढणी काय अडवणार? हे त्यांना सांगणंही माझ्याच वाट्याला आलं.

संध्याकाळी साहेबांना एवढंच सांगितलं की या बायका फिलिंगवर, म्हणजे माल भरायला, बसायला तयार नाहीत. लेबलावर तासभर बोलून जे झालं नव्हतं, ते या वाक्याने दोन मिनिटांत झालं. फिलिंगच्या तोंडाशी खेचणारा एक्झॉस्ट मंजूर झाला आणि २ ऑगस्टला बसला. तोवर जिचं नुकतंच लग्न झालंय तिला कोरड्या मालाच्या खोक्यांवर दिलं. तिचा दिवसाचा ओव्हरटाइम त्यात बुडाला, याची तक्रार तिने केली आणि ती रास्त होती. ऑगस्टच्या पगारात भरून दिला.

१६ जुलै

बाटल्या. पहिला हुकूम काढला की रसायन पाण्याच्या बाटलीत भरायचं नाही. आठवड्याने पाहिलं तर १९ बाटल्या. कारण साधं आहे: प्यायच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या जागोजागी पडलेल्या, फुकट, आणि झाकण घट्ट बसतं. माल ओतून घ्यायला याहून चांगलं भांडं आम्ही दिलंच नव्हतं.

म्हणून उलटीकडून गेलो. प्रत्येकाला नाव कोरलेली स्टीलची पाण्याची बाटली दिली, ३४ नग, २६० रुपयांना एक. आणि प्लॅस्टिकची पाण्याची बाटली गेटच्या आतच आणायची नाही. ज्यांना माल ओतून लागतो त्यांना जाड एचडीपीई प्लॅस्टिकच्या वॉश बॉटल (दाबून द्रव काढायच्या बाटल्या) आणि ज्वालाग्राही मालाला लोखंडी सेफ्टी कॅन. त्यांचे ११,२०० झाले. लेबल आधी चिकटवून मगच स्टोअरमधून भांडं द्यायचं, भांडं नेताना काकांच्या वहीत सही.

या सगळ्या कामात सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर त्या ८,८४० रुपयांच्या स्टीलच्या बाटल्यांचा.

२९ जुलै, मंगळवार

प्रशिक्षण. आधी शिकवायचं नाही, आधी विचारायचं असं ठरवलं होतं. नऊच्या नऊ चित्रं मोठी छापून भिंतीवर लावली आणि प्रत्येकाला एकेक अर्थ सांगायला लावला.

ज्वाला सगळ्यांना कळली. कवटी कळली. वर्तुळावरची ज्वाला, म्हणजे ऑक्सिडायझर: "फुटबॉल पेटलाय." छातीत तारा: कुणी हार्ट अटॅक म्हणालं, कुणी "देव". उद्गारचिन्ह: "महत्त्वाचं."

आणि संक्षारकाचं चित्र, ज्यात नळीतून हातावर थेंब पडतो आणि हात खाल्ला जातो. उत्तर प्रदेशातून आलेला, कॉस्टिकच्याच टाकीवर काम करणारा हेल्पर खात्रीने म्हणाला, "मॅडम, ये तो हाथ धोने का है." आणखी सहा जणांनी मान डोलावली. साबण. ज्या पिंपाला हात लावायचा नाही त्यावर आम्ही हात धुवायचं चित्र लावत होतो.

कॉस्टिक काय करतं ते दाखवायला कोंबडीचा तुकडा रात्रभर बुडवून ठेवायचा बेत होता. पण श्रावण चालू. काका म्हणाले, कारखान्यात नको. मग त्यांनीच घरून जुनी लोकरीची कानटोपी आणली. तिचा तुकडा कॉस्टिकच्या बीकरमध्ये घातला, बीकर गरम पाण्यात ठेवला. चहा होईपर्यंत लोकरीचा लगदा झाला. लोकर, केस, कातडी एकाच घराण्यातली, एवढंच सांगितलं. हेल्परने हात मागे घेतले. त्याला ते चित्र आता कुणी समजावून सांगायला नको.

भिंतीवरच्या तक्त्यावर चित्राखाली मराठी आणि हिंदी दोन्ही ठेवलं. तेव्हाच्या कारखाना कायद्याच्या कलम १०८ प्रमाणेही कारखान्यातली सूचना इंग्रजीबरोबर बहुतेक कामगारांना कळणाऱ्या भाषेत लागायची. आमच्याकडे बहुतेक म्हणजे नेमके कोण, हे दर सहा महिन्यांनी बदलतं.

८ ऑगस्ट

निर्यातीच्या पिंपांवर वाहतुकीचं वेगळं लेबल: तिसऱ्या वर्गाचा, म्हणजे ज्वालाग्राही द्रवाचा, लाल हिरा, किमान १०० मिलिमीटर बाजूचा, आणि यूएन १९९३ हा वाहतुकीतला मालाचा क्रमांक. समुद्री वाहतुकीच्या नियमात हे लेबल तीन महिने समुद्राच्या पाण्यात बुडालं तरी ओळखू यायला हवं. ते प्रमाणित फिल्मवर बाहेरूनच छापून घेतलं, इथे काटकसर केली नाही.

भरणाऱ्या मुलांचा गोंधळ झाला: एक ज्वाला लाल हिऱ्यात, दुसरी पांढऱ्यावर लाल चौकटीत, मग कुठली खरी? ट्रक आणि जहाजवाल्यांसाठी पहिली, पिंप उघडणाऱ्यासाठी दुसरी, असं सांगितलं. पटलं असावं.

१९ ऑगस्ट

कालपासून धो धो. हार्बरच्या गाड्या बंद, ठाणे-बेलापूर रस्त्यावर पाणी, कामावर नऊ जण. अंगणात तयार ठेवलेली पिंपं घोटाभर पाण्यात उभी. आत आणायला फोर्कलिफ्टवाला पोहोचला नाही.

दुपारी पाणी ओसरल्यावर पाहिलं. कच्च्या मालाच्या पिंपांवरची पुरवठादारांची कागदी लेबलं ओल्या पापडासारखी झाली होती. आमची ८० पैकी ७४ जशीच्या तशी. सहा सुटली, ती सगळी १४ तारखेला घाईने, ओलसर पिंपांवर लावलेली. पुन्हा पुसून लावली. अशी चाचणी आम्ही मुद्दाम कधीच घेतली नसती.

२५ ऑगस्ट

८० पिंपांचा कंटेनर न्हावा-शेव्याला रवाना. आठ दिवसांचं काम बारा आठवड्यांत झालं.

खर्च: सल्लागार २४,००० (जीएसटी वेगळा), वाया गेलेली लेबलं ३१,५००, प्रिंटर २२,०००, रोल आणि रिबन १९,४००, स्टीलच्या बाटल्या ८,८४०, वॉश बॉटल आणि कॅन ११,२००. एकूण १,१६,९४० रुपये. एक्झॉस्ट आणि ताज्या एथिल अ‍ॅसिटेटचा फरक यात धरलेला नाही, तो साहेब वेगळ्या वहीत मांडतात.

परवा गणपती. परवापासूनच अमेरिकेचा आयातकर ५० टक्के होतोय. पुढच्या ऑर्डरबद्दल गिऱ्हाईक गप्प आहे.

११ सप्टेंबर

न सांगता पुन्हा मोजणी केली. ६१ ची चार झाली होती. एक कॅन नुकताच ओतलेला, ओतणारा शेजारीच उभा. दोन बरण्या मेंटेनन्सच्या कपाटात, ग्रीस आणि रॉकेल, लेबलं लावली.

चौथी जिन्याखालच्या फळीवर, पत्र्यामागे. काचेची जुनी बरणी, तळाशी चार बोटं पिवळसर द्रव. काकांनी सवयीने झाकणाकडे हात नेला, मी धरला. कुणी ठेवली ते कुणालाच आठवत नाही. सध्या ती वाळूच्या ट्रेमध्ये, कुलपात आहे. लेबल लावलंय: "अज्ञात. उघडू नये. ११-९-२०२५." चौकट एकही नाही, कारण आत कुठलं चित्र काढायचं तेच माहीत नाही.